व्हॉल्व्ह गाइड बदलले की सीटही कटिंग करा

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल कारच्या इंजिनचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निळा धूर येतो. नुसती व्हॉल्व्ह सील बदलून भागेल का?

उत्तर : उतारावर थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतला) व्हॅक्यूम वाढतो आणि इनटेक गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून, ऑइल आत ओढले जाते. आधी सील तपासा. मग हेड उतरवून गाइडमध्ये नवा व्हॉल्व्ह घाला, सुमारे 10 मिमी उचलून हलवा. तरीही तो खुळखुळत असेल तर गाइड गेले. अशा गाइडवर नवे सील फार टिकत नाही.

जुने गाइड ठोकून काढण्याआधी ते हेडच्या वर किती निघते ते मोजून लिहून ठेवा. बाहेर डोकावणाऱ्या टोकावरचा कार्बन पूर्ण खरवडा, नाहीतर तो गाइडबरोबर आत ओढला जाऊन हेडच्या भोकात चरे पाडतो. हेड ओव्हनमध्ये 100 ते 120 अंशांपर्यंत सारखे तापवा, ज्योत नको. नवे गाइड रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि पायरीच्या ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) सरळ बसवा. भोक सैल झाले असेल तर ओव्हरसाइझ गाइडच घ्या. पंच मारून घट्ट केलेले टिकत नाही.

हेड थंड झाल्यावरच गाइडमध्ये रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवा, मागे उलटा फिरवू नका. दांडा आणि गाइडमधली फट मॅन्युअलप्रमाणे ठेवा. इनटेकला साधारण 0.02 ते 0.05 मिमी, एक्झॉस्टला थोडी जास्त.

नव्या गाइडचा मध्य जुन्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून सीटचे (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या कड्याचे) कटिंग टाळू नका. नुसत्या ग्राइंडिंग पेस्टने घासून हा फरक जात नाही.