त्याला माणसं नको आहेत, असं नाही

"मॅडम, याला माणसांचा तिटकाराच आहे. मित्र नाहीत, लग्नकार्यात येत नाही. असाच एकटा राहणार का हा?" दांडिया बाजारात राहणाऱ्या एका आईचा हा प्रश्न. बडोद्यातल्या मराठी घरांतून तो मला वरचेवर ऐकू येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा 29 वर्षांचा, हिशेबाच्या कामात हुशार. क्लायंटशी बोलावं लागेल म्हणून त्याने बढती नाकारली होती. नवरात्रात काय करता, असं विचारल्यावर म्हणाला, "गच्चीवरून गरबा बघतो. रोज." खाली का उतरत नाही? "स्टेप चुकली तर सगळे हसतील." नऊ रात्री गच्चीवर उभा राहणाऱ्याला माणसांचा तिटकारा कसा असेल? त्याला माणसं हवी आहेत, पण ती आपल्याला नाकारतील अशी त्याची खात्री झाली आहे.

मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान झालं अव्हॉइडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं, म्हणजे नाकारलं जाण्याच्या भीतीने माणसं टाळणाऱ्या व्यक्तिमत्त्व-विकाराचं. लाजाळू माणूस ओळख झाली की खुलतो. इथे "मी इतरांपेक्षा कमीच आहे" ही समजूत तरुणपणापासून नोकरी, मैत्री, लग्न सगळं अडवून धरते. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या पुस्तकात याची सात लक्षणं दिली आहेत, त्यांतली किमान चार असावी लागतात. तेव्हा इंटरनेटवर वाचून घरच्यांनी शिक्का मारू नये.

मध्येच त्याने येणं बंद केलं. निरोप पाठवल्यावर कळलं, बोलताना मी एकदा दाराकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, मॅडम कंटाळल्या. बाहेर कोणीतरी दार वाजवलं होतं. तो परत आला तेव्हा आम्ही याच प्रसंगावर बोललो: मी दाराकडे पाहण्याची दुसरी कोणती कारणं असू शकतात? माझ्या मते खरी सुरुवात त्या दिवशी झाली. मग छोटी कामं ठरवली. ऑफिसात डबा सगळ्यांबरोबर खायचा; काय वाईट होईल ते आधी लिहायचं, प्रत्यक्ष काय झालं ते नंतर. या स्वभावावर थेट गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर डॉक्टर औषध देतात. उपचाराला महिने लागतात, कधी वर्षंही.

आईला मी तीनच गोष्टी सांगितल्या. चारचौघांत "अरे, बोल की काहीतरी" म्हणायचं नाही, आणि न सांगता मुलीकडच्यांना घरी बोलवायचं नाही. आणि त्याच्या कामाचे फोन घरच्यांनी नाही, त्यानेच करायचे.

आज तो डबा सगळ्यांबरोबर खातो. बढतीचा विषय अजून निघालेला नाही.

घरात असं कोणी असेल तर ओढत आणू नका. वेटिंग रूमच त्यांना नको वाटते. शेवटची वेळ मागा किंवा पहिलं बोलणं फोनवर होऊ द्या. कारेलीबागला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. जीव नकोसा झाल्याचं बोलत असतील तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.