भोसरीत सीएनसी जॉबवर्क करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर इतर कंपन्यांचे पार्ट बनवून देतो. लिंक्डइनवर पाचशेच्या वर कनेक्शन्स आहेत, पण काम एकही नाही. काय करू?

रिक्वेस्ट स्वीकारली रे स्वीकारली की कंपनी प्रोफाइलची पीडीएफ पाठवायची, हे आधी बंद करा. परचेसवाल्यांकडे अशा पीडीएफचा ढीग पडलेला असतो. समोरच्याने काही लिहिलं असेल तर त्यावर कामाचं बोला: "सर, पितळी बुशला बर येते म्हणालात. धारदार इन्सर्ट लावल्यावर आमच्याकडे कमी झाली. तुमचं मटेरियल कोणतं?" (बर म्हणजे कापल्यावर कडेला राहणारी धातूची खरखरीत धार, इन्सर्ट म्हणजे मशीनच्या टूलमधलं कापणारं पातं.) याला उत्तर येतं. नुसतं 'काँग्रॅट्स'चं बटण दाबून ऑर्डर मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि अनोळखी लोकांच्या मागे लागण्याआधी अर्धवट ओळखीचे शोधा: आयटीआयचे वर्गमित्र, जुन्या कंपनीतले क्वालिटीवाले. अशा जुजबी ओळखीतूनच नव्या संधींची खबर जास्त लागते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलंय. कारण साधं आहे. रोजच्या मित्रांना जे ठाऊक असतं, ते बहुतेक तुम्हालाही ठाऊक असतंच.

दोन-चारदा बोलणं झालं की फोन करा. माणूस चाकणला असेल तर सरळ जाऊन दहा मिनिटं भेटा, सोबत एक-दोन सॅम्पल न्या. त्यांच्या पार्टचं ड्रॉइंग त्यानंतर मागा.