आधी रिकामी पेटी माग

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. तुला लेपर्ड गेको (पालीच्या कुळातला ठिपकेदार प्राणी) पाळायचा आहे, आई "घरात पाल नको" एवढेच म्हणून विषय बंद करते, आणि तिला पटवण्यासाठी मी काही मुद्दे सुचवावेत, असे तू लिहिले आहेस. मुद्दे देतेच, पण आईच्या नकारात किळस थोडीच असते आणि तुझा उत्साह ओसरल्यावर या जिवाचे कोण करणार ही काळजी फार मोठी असते, हे आधी ध्यानात घे. ती काळजी ती बोलून दाखवेलच असे नाही. नीट सांभाळलेला लेपर्ड गेको सहज १५ ते २० वर्षे जगतो. म्हणजे तुझे शिक्षण, नोकरी, कदाचित घर सोडून जाणे, हे सगळे त्याच्या आयुष्यातच घडणार आहे आणि त्या प्रत्येक वेळी तो कुठे असेल, याचे उत्तर आज तुझ्याकडे असायला हवे.

म्हणून पहिल्या दिवशी बाजू मांडू नकोस. आईला निवांत वेळ असेल तेव्हा तिच्याजवळ बस, "तुला नेमके काय नको वाटते?" एवढेच विचार, आणि ती जे सांगेल ते मध्ये न बोलता लिहून घे. मी तुझ्या वयाची असताना हे केले नव्हते. आईला पालीची भीती वाटते असे गृहीत धरून, हा प्राणी किती निरुपद्रवी आहे यावर मी मोठे भाषण तयार केले. तिने ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "त्याच्या खाण्याचे किडे कुठे ठेवणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि पुढचे कित्येक दिवस तो विषय पुन्हा काढण्याची सोय उरली नाही.

हा किड्यांचा प्रश्न खराच अवघड आहे. लेपर्ड गेको भाजी किंवा फळे खात नाही. त्याला जिवंत कीटक लागतात, आणि तेही कॅल्शियम व डी-३ जीवनसत्त्वाची पूड लावून, नाहीतर त्याची हाडे मऊ पडून वाकतात. रातकिडे उड्या मारतात, डब्यातून निसटतात आणि रात्रभर किरकिरतात. मीलवर्म, म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या, मात्र गुळगुळीत कडांच्या डब्यातून वर चढू शकत नाहीत आणि आवाजही करत नाहीत. तेव्हा मुख्य खाणे मीलवर्मचे ठेवावे, अधूनमधून मोजके रातकिडे आणून लगेच खाऊ घालावेत, आणि डबा तुझ्याच खोलीत असावा, असे आईला सांगता येईल. कीटक घरात नकोतच असे तिचे म्हणणे असेल, तर क्रेस्टेड गेको या दुसऱ्या जातीचा विचार कर. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरची ही जात नामशेष झाली असे मानले जात होते, ती १९९४ मध्ये पुन्हा सापडली. पाण्यात कालवून द्यायच्या फळांच्या तयार पुडीवर ती चांगली जगते. पण ती काचेवर चढते, लांब उड्या मारते, उकाडा सोसत नाही आणि तिची शेपटी एकदा तुटली की पुन्हा येत नाही. आईच्या सोयीसाठी जात बदलायची तुझी मनापासून तयारी आहे का, हे बोलण्याआधीच ठरव.

किळस हेच कारण निघाले, तर एक खरी गोष्ट तिला सांगण्यासारखी आहे. भिंतीवरच्या पालीच्या बोटांना चिकटणारे तळवे असतात. लेपर्ड गेकोला ते नसतात, त्यामुळे तो भिंतीवर किंवा काचेवर चढू शकत नाही, जमिनीवरच चालतो. त्याला पापण्याही असतात, आणि तो डोळे मिटून झोपतो. हे ऐकून किळस जाईलच असे नाही. गेल्यास हळूहळू जाईल. म्हणून तो प्राणी तिच्यासमोर अचानक आणून धरण्याचा प्रकार कधीही करू नकोस.

आजाराबद्दल ती बोलली, तर वाद घालू नकोस, कारण तिचे बरोबर आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात माणसाला जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जंतू असू शकतात आणि प्राणी मात्र ठणठणीत दिसतो. प्रत्येक वेळी हाताळल्यावर साबणाने हात धुणे, त्याची भांडी स्वयंपाकघरात न धुणे, हे पाळावेच लागते. घरात पाच वर्षांखालचे मूल, गरोदर बाई, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कोणी असेल, तर माझे मतही आईच्याच बाजूने पडेल. तुमच्याकडचा कायदा ही जात पाळू देतो का, हेही आधी बघ. देत नसेल तर विषय तिथेच संपला. देत असेल तर बंदिस्त पैदाशीतला, कागदपत्रे असलेलाच प्राणी घे, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आधी शोधून ठेव.

आता मुख्य गोष्ट. आईकडे गेको मागू नकोस, आधी रिकामी पेटी माग. कोणाची वापरलेली काचेची पेटी मिळाली तर उत्तमच. तिच्या एका बाजूखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) आणि तिला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज बंद-चालू करणारे उपकरण) लाव; थर्मोस्टॅटशिवाय मॅट कधीही चालू करू नकोस, प्राण्याचे पोट भाजते. उबदार बाजूची जमीन ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि थंड बाजू २५च्या आसपास ठेवून महिनाभर सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडचे तापमान वहीत लिही, पाण्याची वाटी रोज धू, आणि परीक्षेच्या दिवसांतही त्यात खंड पडू देऊ नकोस. रिकाम्या पेटीची अशी निगा राखणे कंटाळवाणे आहे, आणि नेमके म्हणूनच ते आईला दिसले पाहिजे. महिन्याच्या शेवटी ती वही तिच्या हाती दे.

परीक्षेचे नाव मुद्दाम काढले. माझ्या पहिल्या गेकोने अशाच दिवसांत कात टाकली. आधी तो पांढुरका, निस्तेज दिसतो, मग हातमोजा काढावा तशी कातडी तोंडाने ओढून काढतो आणि खाऊन टाकतो. त्या वेळी एका बोटाभोवती दोऱ्याएवढे कातडीचे कडे राहून गेले. मी पाहिले नाही. बोट सुजले, काळे पडले आणि त्याचे टोक गळून गेले. ते सुजलेले बोट पहिल्यांदा दिसले ते माझ्या आईला, जिला तो घरातच नको होता. तेव्हापासून, कात नीट सुटावी म्हणून, ओलसर शेवाळ घातलेली लपायची जागा पेटीत कायम राहिली, आणि प्रत्येक कातीनंतर मी विसाच्या वीस बोटे दिव्याखाली धरून तपासत आले. हेही आईला सांग. काय बिघडू शकते हे तुझ्याच तोंडून ऐकले, तर तिचा तुझ्यावरचा भरवसा वाढेल.

इतके करूनही ती नाही म्हणाली, तर लपवून आणू नकोस आणि रुसूनही बसू नकोस. पुन्हा केव्हा विचारले तर चालेल, एवढे मात्र विचारून ठेव. पेटी मिळाली की पहिल्या आठवड्याचे आकडे मला पाठव. उबदार बाजू रात्री किती उतरते ते पाहून थर्मोस्टॅटचा संवेदक कुठे ठेवायचा ते कळवीन.

तुझी,
ताई