मधुमेहात पाय गरम असूनही त्यांना रक्त कमी पडते, हे कसे?

आपण विचारले आहे की, वडिलांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे, त्यांची पावले हाताला गरम लागतात, त्यांवरच्या शिराही फुगलेल्या दिसतात, तरी डॉक्टर ‘पायाला रक्त पुरत नाही’ असे का म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर फिजिशियन म्हणून काम करताना ही शंका मी अनेक घरांतून ऐकली आहे आणि ती रास्त आहे. मधुमेहाने रक्तवाहिन्या चोंदतात हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याआधीच, गरजेप्रमाणे रुंद किंवा अरुंद होण्याची त्यांची क्षमता मंदावू लागते, याकडे फारसे लक्ष जात नाही.

रक्तवाहिनीला आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. रक्ताचा प्रवाह वाढला की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडते, त्यामुळे भोवतालचा स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंदावते. या वायूचे कार्य उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पेशींत ऑक्सिजनची घातक रूपे वाढतात, ती हा वायू तयार होताच नष्ट करतात आणि वाहिनी आवळणाऱ्या द्रव्यांचे पारडे जड होते.

आता पायाकडे येऊ. तळपायाच्या त्वचेत धमनीतून थेट शिरेत जाणारे आडमार्ग असतात आणि एरवी स्वायत्त (आपल्या इच्छेविना आपोआप काम करणारे) मज्जातंतू ते आवळून धरतात. मधुमेहाने हे तंतू निकामी झाले की आडमार्ग उघडेच राहतात. मग पाटाचे पाणी माडाच्या आळ्यात न शिरता सरळ पुढे निघून जावे, तसे रक्त केशवाहिन्यांना वगळून शिरेत परत जाते. म्हणून पाऊल गरम, शिरा टपोऱ्या, आणि त्वचा मात्र उपाशी. त्याच तंतूंच्या बिघाडाने घाम थांबतो, टाचा कोरड्या पडून फुटतात, आणि संवेदना गेलेली असल्यास तापलेल्या कातळावर अनवाणी चालताना आलेला फोड किंवा पावसात भाताच्या चिखलात बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या रुग्णाला कळतही नाहीत. माझ्या मते आपल्याकडे पावसाळ्यात पायाची तपासणी रोज व्हायला हवी.

घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहण्याची चाचणीही येथे फसवू शकते. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कडक झाली की पट्ट्याने दबत नाही आणि हे गुणोत्तर १.४ च्याही वर जाते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजणे अधिक भरवशाचे ठरते.

मूत्रपिंडात सुरुवातीला याच्या उलट घडते, तेथे दाब वाढतो. विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. गाळलेल्या द्रवात साखर जास्त असली की नलिका साखरेबरोबर मीठही अधिक शोषून घेतात. पुढच्या टप्प्यावरील संवेदक पेशींना मीठ कमी पोहोचते, ‘गाळणे कमी पडते आहे’ असा चुकीचा संदेश जातो आणि गाळणीत रक्त आणणारी धमनी रुंदावते. बाहेर नेणारी धमनी अँजिओटेन्सिन या वाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकामुळे आवळलेली असते. मधली गाळणी वर्षानुवर्षे जादा दाब सोसते आणि अखेरीस लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन उतरू लागते. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी औषधे बाहेरची धमनी सैल करतात, तर डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे रक्त आत आणणारी धमनी पुन्हा योग्य तेवढी आवळतात. यांपैकी औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून टाकतात तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) थोडे वाढले, तर तो बहुधा गाळणीवरचा दाब उतरल्याचा परिणाम असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करू नये.

डोळ्याच्या पडद्यातील केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, काही वाहिन्या फुगतात, काही बंद पडतात आणि उपाशी राहिलेल्या भागात नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात. दृष्टी चांगली असतानाही हे चालू असू शकते.

वडिलांच्या बाबतीत पुढच्या भेटीत पायाच्या नाड्या व संवेदना, अंगठ्याचा दाब, लघवीतील अल्ब्युमिन आणि डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजण्यास सांगावे. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक घसरला, तर उभे राहताना पायांच्या वाहिन्या पुरेशा आवळत नाहीत असे समजावे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावा.