‘यात माझं काय आहे?’ असं विचारणाऱ्या मुलांसाठी

मी समुपदेशक आहे. जानेवारी लागला की माझ्याकडे डिझाइन आणि फाइन आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाची मुलं यायला लागतात. बडोद्यात ते साहजिकच आहे. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, तिथे रंगाईचं शिक्षण सुरू झालं, आणि तेव्हापासून कापड आणि रंग शिकणारी मुलं या गावात कायमची आहेत. त्यांच्या तोंडून एक वाक्य मी दरवर्षी ऐकते : “ताई, हे सगळं आधीच कुणीतरी केलंय. यात माझं काय आहे?” पालकांचं म्हणणं वेगळं असतं. “रात्र रात्र जागते, पण एक काम पूर्ण करेल तर शपथ!” या दोन तक्रारी मुळात एकच आहेत, हे मला अशा बऱ्याच मुलांबरोबर बसल्यावर दिसू लागलं.

एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आणखी दोघी-तिघींचे अनुभव तिच्या गोष्टीत मिसळले आहेत.

टेक्स्टाइल डिझाइनचं शेवटचं वर्ष. सहा पोशाखांचं कलेक्शन करायचं होतं, छापील कापड आणि त्यावर भरतकाम. विषय तिने घरचाच घेतला होता : रावपुऱ्यातला तांबेकरवाडा. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा. त्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत, कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग, आणि सगळीकडे वेलबुट्ट्या. त्या वेली तिने कागदावर उतरवल्या, रिपीट म्हणजे पुन्हा पुन्हा जुळत जाणारा नमुना बसवला, आणि स्क्रीन म्हणजे छपाईची जाळीची चौकट बनवून तो मलमलीवर छापला. इथपर्यंत सगळं वेळेत झालं होतं. मग मणी लावायला सुरुवात झाली आणि गाडी अडली. लावायचे, उसवायचे, कापड बाजूला टाकायचं, पुन्हा छापायचं.

आई बरोबर आली होती. “मंगळ बाजारातून मण्यांच्या पुड्या आणते. घरभर टिकल्या. अनवाणी चालायची सोय राहिली नाही. विचारलं तर रडते.”

मुलगी खाली बघत म्हणाली, “फोनवर रोज बघते ना ताई. मला जे सुचतं ते आधीच कुणीतरी केलेलं असतं. माझ्यापेक्षा चांगलं.”

मी तिला समजावत बसले नाही. ‘नाही गं, तू हुशार आहेस’ हे वाक्य अशा वेळी कानावरून जातं, आत पोहोचत नाही. मी म्हटलं, “पुढच्या वेळी कापड घेऊन ये.” हातांनी काम करणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगते. बोलताना माणूस जे झाकतो ते त्याच्या कामात उघडं पडलेलं असतं, आणि ते वाचायला मी बरीच वर्षं घालवून शिकले आहे.

तिने तीन तुकडे आणले. टेबलावर पसरले तेव्हा प्रिंट मला दिसलंच नाही. कटदाणा म्हणजे काचेचे बारीक मणी, टिकल्या, आरीची म्हणजे आकड्याच्या सुईने घातलेली साखळी, त्यावर पुन्हा मोती. मलमलीला ते वजन पेलत नव्हतं. गळ्याच्या जागी कापड ओघळून झोळी झाली होती. शिक्षकांनी ‘काम जास्त झालंय’ एवढंच म्हटलं होतं. तिने ऐकलं होतं ते असं : तुझ्यात काही नाही, म्हणून तू इतकं लावतेस.

मी मुद्दाम कामाच्या पद्धतीबद्दल विचारलं. आणि आवाज बदलला तिचा! पिगमेंट रंग धाग्यात शिरत नाही, वरच बसतो, म्हणून त्यात बाइंडर, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणारा पदार्थ, घालावा लागतो. छापून वाळल्यावर साधारण दीडशे अंशांची उष्णता देऊन तो पक्का करायचा, मग धुवायचं, आणि त्यानंतरच कापड चौकटीवर ताणून खाका मारायचा. ट्रेसिंगच्या कागदावर सुईने भोकं पाडून त्यातून रेघ खाली उतरवायची, तो खाका. आधी मणी लावले आणि मग उष्णता दिली तर प्लास्टिकचे मणी वितळतात, हेही तिने सांगितलं. एकदाही ‘बहुतेक’ म्हणाली नाही. घाबरलेल्या मुलाला खात्री कुठे वाटते ती जागा आधी सापडावी लागते. पुढचं सगळं बोलणं तिथे उभं राहून करता येतं.

मग मी विचारलं, “इतके मणी का?”

तिने लगेच आपली बाजू मांडली. बडोद्याच्या मुलांकडे याचं उत्तर तयार असतं : मोत्यांचा गालिचा. खंडेराव महाराजांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेला, लाखो बसरा मोत्यांचा. २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात तो पंचावन्न लाख डॉलरच्या आसपास विकला गेला. “त्यात एक इंचही जागा रिकामी नाही, ताई. त्याला कुणी जास्त झालंय म्हणत नाही.”

“खरंय. त्या मोत्यांखाली काय आहे?”

“रेशीम. आणि हरणाचं कातडं.”

“त्यावर काही छापलंय?”

“नाही. वेल काचेच्या मण्यांचीच आहे, जमीन मोत्यांची.”

“म्हणजे तिथे मण्यांनीच चित्र काढलंय. तू चित्र आधी छापलंयस. मग त्यावर मणी कशाला?”

ती बराच वेळ गप्प राहिली. अशी शांतता मी मोडत नाही. नवीन समुपदेशकांनाही माझं हेच सांगणं असतं : तुमच्या प्रश्नाने माणूस थांबला, तर दुसरा प्रश्न विचारू नका.

शेवटी ती म्हणाली, “नुसतं प्रिंट ठेवलं तर सगळ्यांना कळेल की वेल वाड्यातली आहे. माझी नाही.”

ते मणी शोभेसाठी नव्हतेच. ते झाकण्यासाठी होते. माझा ओढा मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचारांकडे आहे. एखादं वागणं कुठून आलं हे शोधण्याइतकंच, ते आज त्या माणसाचं कोणतं काम करतंय हे पाहणं मला महत्त्वाचं वाटतं. हिचे मणी दोन कामं करत होते. उसनी वेल लपवत होते, आणि काम कधीच पूर्ण होऊ देत नव्हते. जे पूर्ण झालं नाही त्याला कुणी बरंवाईट म्हणू शकत नाही. आईला दिसणारा हट्ट आणि मुलीला वाटणारी अक्कलशून्यता, दोन्हींच्या मुळाशी ही एकच भीती होती. मी तिला हे शब्दांत सांगितलं नाही. तिच्या तोंडून ते आलेलंच होतं.

मी एवढंच विचारलं, “वाड्यातल्या चित्रकारांनी ती वेल कुठून घेतली असेल?” ती या विषयावर महिनोन् महिने वाचत होती. राजस्थानी वळण, मराठी पेहराव, मधूनच युरोपीय छटा, असं सांगता सांगता तीच थांबली. “म्हणजे त्यांनीपण...” आणि हसली. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

पण समजलं म्हणजे सुटलं, असं होत नाही. समजल्यावर काही करावं लागतं. आमचं ठरलं ते असं : एक तुकडा एकही मणी न लावता शिक्षकांना दाखवायचा. आणि यापुढे सुई कापडात घालण्याआधी ‘इथेच का’ याचं उत्तर एका वाक्यात वहीत लिहायचं. उत्तर नसेल तर मणी नाही. तो बिनमण्यांचा तुकडा दाखवणं तिने पुढे ढकललं, मग आणखी पुढे ढकललं. दाखवला तेव्हा शिक्षकांनी रेषेबद्दल विचारलं, रंगाबद्दल विचारलं. कुणीही ‘ही तुझी नाही’ म्हटलं नाही.

वहीतली पहिली उत्तरं अगदीच कोरडी होती, ‘छान दिसतं म्हणून’, ‘रिकामं वाटतं म्हणून’. आणि मग एके दिवशी ती वाड्यात काढलेले फोटो घेऊन आली. “ताई, हे बघा. इथे रंग उडालाय, इथे गिलावा पडलाय. मी छापताना या जागा मनानेच भरून काढल्या होत्या. आता त्या रिकाम्या छापणार. आणि मणी फक्त तिथे.”

मी आजवर बरीच हुशार मुलं पाहिली आहेत, पण त्या क्षणी मला फार आनंद झाला. वेल वाड्याची, मणी बाजारातले, आरी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. भिंतीवर जे नाहीसं झालंय तिथे मणी भरायचे, हा निर्णय मात्र तिचा होता. वजनाचा प्रश्नही त्यातच सुटला. त्या छोट्या जागांना मागून सुती अस्तर लावलं की मलमल ओघळत नव्हती.

अशा मुलांना माझं सांगणं आहे. नवीन काही सुचेल आणि मग मी सुरू करेन, असं म्हणून थांबू नका. तुमचं वेगळेपण घेतलेल्या वस्तूत नसतं, घेतल्यावर तुम्ही काय ठेवलंत आणि काय सोडलंत त्यात ते दिसतं, आणि ते ठरवायला हातात कापड लागतं. जिथून घेतलं तिथलं नाव स्वच्छ लिहा. लिहिलं की लपवायचं ओझं जातं. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची भिंत वेगळी आणि आज त्यावर पोट भरणाऱ्या छिप्याचा, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्या कारागिराचा, ठसा वेगळा. त्याचा नमुना घ्यायचा तर त्याला विचारून, मोबदला देऊन घ्या. यात पळवाट नाही.

दुसरं, सहा पोशाख एकदम डोक्यात घेऊ नका. एक मीटर कापड शेवटपर्यंत न्या : छापा, पक्कं करा, धुवा, मणी लावा, रात्रभर हँगरवर टांगून ठेवा. कापडाला वजन झेपतंय का ते सकाळी दिसतं. पूर्ण झालेल्या एका मीटरने जेवढा धीर येतो तेवढा माझ्या बोलण्याने येत नाही. आणि नमुने करायला घेतलेत की फोनवरची चित्रं बंद करा. ती पाहायची वेळ संपलेली असते.

एक गोष्ट मात्र वेगळी काढते. झोप उडाली आहे, जेवण सुटलं आहे, ‘मीच नको’ असं बोललं जातंय, तर तो कलेक्शनचा प्रश्न उरलेला नाही. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ज्युरी, म्हणजे कामाची शेवटची परीक्षा, होऊन जाऊ दे मग बघू, असं करू नका.

तिच्या आईने निघताना विचारलं होतं, “आम्ही काय करायचं? छान आहे म्हटलं तरी चिडते.” पालकहो, ‘छान आहे’ आणि ‘झालं का?’ ही दोन्ही वाक्यं काही दिवस बाजूला ठेवा. पहिल्यात तुम्ही बघितलेलंच नसतं आणि दुसऱ्यात घाई असते. त्याऐवजी कापडाजवळ बसा, एका जागेवर बोट ठेवा आणि ती जागा अशी का केली ते विचारा. त्या आईने विचारलं. मुलगी पाऊण तास सांगत होती. नंतर दोघींनी मिळून न लागणारे मणी डब्यांत भरले आणि दुकानदाराने घेतले तेवढे परत केले.