पब्लिक की साध्या मेलने पाठवली तर कोणी चोरेल का?

दादरच्या सीएला कागदपत्रं एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून, पाठवायची आहेत, आणि आपली पब्लिक की साध्या मेलने देणं सुरक्षित आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

चोरू दे की! पब्लिक की म्हणजे चाळीच्या जिन्याखालची टपालपेटी. पत्र कोणीही टाकावं, उघडायची किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, तुमच्या खिशात. पण तुम्ही उलटं धरलंय: सीएला पाठवायचं तर त्यांची की तुम्हाला लागेल. तुमची की त्यांना उत्तर पाठवायला.

खरी भीती चोरीची नाही, अदलाबदलीची. मधल्या कोणी त्यांच्या नावाने स्वतःची की सरकवली, तर तुमचा मजकूर तोच वाचेल. म्हणून की मेलने घ्या, पण फिंगरप्रिंट, म्हणजे त्या कीची छोटी ओळखखूण, फोनवर ताडून बघा. ४० अक्षरं असतात, चार-चारच्या गटात वाचायची. मी एकदा हे विरार फास्टमध्ये उभ्याने केलं. 'बी' की 'डी' यातच बोरिवली आलं. शांत जागी बसून करा.

थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून एन्क्रिप्शनची (पीजीपी पद्धतीची) सोय आतच आहे, वेगळं ॲड-ऑन नको. कीची फाइल जोडण्याआधी मात्र उघडून पहिली ओळ बघा: 'बिगिन पीजीपी पब्लिक की ब्लॉक' हवं. 'प्रायव्हेट' दिसलं तर हात आवरा. आमच्या ऑफिसातल्या एकाने घाईत तीच पाठवली होती, मग जुनी की रद्द करून सगळ्यांना नवी वाटत बसला.

आणि विषयाच्या ओळीत पॅन नंबर लिहू नका, ती अनेकदा उघडीच जाते.