युद्धानंतरची पत्रे वाचताना

प्रश्न : मी देवळाली कॅम्पला राहतो. माझे आजोबा तोफखान्यात होते. १९६२ च्या चीन युद्धाविषयी ते फारसे बोलत नसत. मात्र संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण आपल्या नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, ही आठवण आवर्जून सांगत. पंडित नेहरू आणि यशवंतराव यांची त्या काळातील लष्करी विषयांवरील पत्रे व निवेदने वाचून पराभवाची कारणे कळतील का?
(एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : बरीचशी कळतील, परंतु प्रत्येक कागदाची तारीख आधी पाहावी.

ईशान्य सीमेवरचे (आजच्या अरुणाचल प्रदेशातले) बोमदिला पडले त्या १९ नोव्हेंबर १९६२ रोजी नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना एकाच दिवसात दोन पत्रे लिहिली. दुसऱ्या पत्रात त्यांनी कोणत्याही हवामानात उडणाऱ्या स्वनातीत (ध्वनीहून वेगवान) लढाऊ विमानांची किमान १२ स्क्वाड्रन (तुकड्या), रडार यंत्रणा आणि बी-४७ बॉम्बफेकी विमानांची २ स्क्वाड्रन मागितली, आणि आपली माणसे तयार होईपर्यंत ती लढाऊ विमाने व रडार अमेरिकी माणसांनी सांभाळावीत, असेही सुचवले. आयुष्यभर अलिप्ततेचा आग्रह धरलेल्या माणसाचे हे शब्द वाचताना आजही मन जड होते. मात्र या पत्रांत पराभवाची मीमांसा शोधू नये, कारण ती ऐन संकटातली हाक आहे. दोनच दिवसांत चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि ही पत्रे पुढे कित्येक वर्षे गोपनीय राहिली.

मीमांसा हवी असेल तर युद्ध थांबल्यानंतरच्या कागदांकडे वळावे. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंह भगत यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने उघड केला. त्यामुळे यशवंतरावांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत केलेले निवेदन माझ्या मते सर्वाधिक मोलाचे आहे. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमतीची रचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि हाताखालच्या माणसांवर प्रभाव टाकण्याची अधिकाऱ्यांची कुवत, अशा पाच अंगांनी त्यात उणिवांची चर्चा आहे. वरिष्ठ लष्करी कार्यालये प्रत्यक्ष डावपेचांच्या बारीकसारीक बाबींत, अगदी कोणती तुकडी कोठे पाठवावी येथपर्यंत, हस्तक्षेप करू लागली होती, हेही त्यांनी सांगितले. दुसरीकडे, कितीही मोठ्या आणि सुसज्ज सैन्याला धोरणाची दिशा सरकारनेच द्यावी लागते, असेही त्यांनी स्पष्ट केले. मुलकी सत्ता आणि सेनापती यांच्यातील ही सीमारेषा पराभवानंतर वर्षही उलटले नसताना एका मंत्र्याने संसदेत मांडावी, याचे मोल मला फार वाटते.

हे निवेदन गोपनीय अहवालावर आधारलेले आहे, म्हणून त्यात काय सांगितले यासोबत काय वगळले याचाही विचार करावा. पत्रांचेही तसेच आहे : त्यांचे मसुदे पुष्कळदा अधिकारी करतात, आणि उत्तर हाती नसेल तर संवादाची एकच बाजू आपल्यासमोर असते.

आपल्या परिसरातलेच एक उदाहरण घ्या. ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहू लागला, म्हणून तो पराभवातूनच जन्मला असे अनेक जण समजतात. प्रत्यक्षात सोव्हिएत रशियाशी मिगविषयीची बोलणी युद्धापूर्वीच सुरू झाली होती. पराभवाने त्या कामाची निकड वाढवली.

आपल्या आजोबांनी त्या वर्षांत घरी पाठवलेली पत्रे असतील तर तीही काढून ठेवावीत. सैनिकी टपालावर गावाचे नाव नसते, ‘द्वारा ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे सैनिकी टपाल कार्यालय) असा नुसता आकडा असतो, त्यामुळे ठिकाण कळणार नाही. पण तारीख आणि पलटणीचे नाव मिळाले, तर ती पत्रे यशवंतरावांच्या निवेदनाशेजारी ठेवून वाचता येतील आणि शस्त्रसामग्रीविषयी किंवा थंडीच्या कपड्यांविषयी एखादी ओळ आजोबांच्या हस्ताक्षरातही सापडू शकेल.